देवरुखला घर: चिरा की ब्लॉक?

प्रश्न: आईवडिलांसाठी घर बांधतोय. गवंडी सिमेंटचे ब्लॉकच घ्या म्हणतो, मला जांभ्या दगडाचा चिरा हवाय. पर्यावरणपूरक बांधकामाला सवलत मिळते का?

उत्तर १: पिंपरी-चिंचवड महापालिका ‘गृहा’ या पर्यावरणपूरक मानांकनाच्या इमारतींना मालमत्ता करात सूट देते. पण ते शहरातलं.

उत्तर २: दादा, चिराच घ्या! खाणीतून आला की थोडे दिवस उघड्यावर ठेवा, हवा लागून कडक होतो. ठोकून बघा, खणखणीत वाजला पाहिजे. छपराची वळचण भरपूर बाहेर काढा, पागोळ्या भिंतीपासून लांब पडायला हव्यात.

उत्तर ३: केरळात वास्तुविशारद लॉरी बेकरांनी विटा उभ्या लावून आत पोकळी ठेवणारी भिंत रुजवली, सुमारे २५ टक्के विटा वाचतात. १९८५ साली निघालेली ‘कॉस्टफोर्ड’ संस्था गवंड्यांना शिकवून ते काम पुढे नेतेय. करसवलतीपेक्षा मला हीच वाट पटते: आधी गवंडी तयार करा. कोकणात चिऱ्याचे जुने कारागीर अजून आहेत, त्यांच्या हाताखाली पोरं लावा.