हाताला मुंग्या, करवतीचा धोका आणि हातमोजे

शिरोलीकर: नमस्कार. कोल्हापुरात शिरोली एमआयडीसीजवळ आमचा फर्निचरचा लहान कारखाना आहे. आमचे ज्येष्ठ मिस्त्री दिवसभर सँडर (लाकूड घासण्याचे यंत्र) आणि राउटर (लाकडात खाचा पाडण्याचे यंत्र) चालवतात. अलीकडे उजव्या हाताला मुंग्या येऊन त्यांची झोपमोड होते आणि हात झटकल्यावरच बरे वाटते. त्यातच टेबल करवतीवर एका मदतनिसाचे बोट थोडक्यात वाचले, म्हणून मी सर्वांना जाड हातमोजे आणले. मिस्त्री मात्र ते घालायला तयार नाहीत. त्यांची समजूत कशी घालावी?

टिंबर मार्केटवाला: मिस्त्रींचे बरोबर आहे. मोजा फिरत्या पात्यात अडकला, तर बोटापुरती राहिली असती ती जखम सबंध पंजावर जाते. मोजे प्लाय उचलताना आणि सनमायकाच्या कडा हाताळताना वापरावेत. करवतीच्या पात्यामागे रायव्हिंग नाइफ, म्हणजे चिरलेली फट उघडी ठेवणारी पातळ पट्टी, आहे का, हे आधी पाहा. ती नसेल, तर चिरलेली फट मिटून लाकूड पात्याला आवळते, फळी उलट अंगावर फेकली जाते आणि तिला दाबून धरलेला हात पात्यावर जाऊ शकतो. पात्यावरचे झाकण, म्हणजे गार्डही तपासा, आपल्याकडे ते बहुधा माळ्यावर सापडते! अरुंद फळी शेवटी ढकलकाठीनेच सरकवावी. ग्राइंडरला लाकूड कापायचे दातेरी पाते लावत असाल, तर ते आजच काढा.

फिजिओ, राजारामपुरी: मुंग्या अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेच्या अर्ध्या भागात असतील, तर मनगटातील मीडियन नस दबत असण्याची शक्यता मोठी आहे, करंगळीही बधिर होत असेल, तर कोपराजवळची नस तपासावी लागते. थंडीत बोटांची टोके पांढरी पडणे हे मात्र कंपनाने रक्तवाहिन्यांवर झालेल्या परिणामाचे लक्षण असू शकते, आणि त्याकडे दुर्लक्ष झाल्यास ते पूर्ण बरे होईलच असे नाही. युरोपीय नियमांत ८ तासांच्या कामासाठी हातावरील कंपनाची मर्यादा ५ मीटर प्रति सेकंद वर्ग आहे आणि २.५ पासूनच मालकाने उपाय करणे बंधनकारक आहे. सँडरवर जोर देऊ नये, झिजलेला कागद लगेच बदलावा आणि कामे आलटून पालटून द्यावीत. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा उपयोगी पडतो. पकड ढिली झाली असेल, तर डॉक्टरांना दाखवण्यास उशीर करू नये.

शिरोलीकर: आभारी आहे. मशीनवर मोजे बंद केले. दुर्दैवाने बोट तुटलेच, तर ते कसे न्यावे?

फिजिओ, राजारामपुरी: जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात उंच धरावा. तुटलेला भाग स्वच्छ, ओलसर कापडात गुंडाळून पिशवीत बंद करावा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. थेट बर्फावर ठेवल्यास पेशी गोठून मरतात. निघतानाच फोन करून बोट जोडण्याची शस्त्रक्रिया कुठे होते, याची खात्री करून घ्यावी.