मदत हवी आहे: गुरूवरचा तांबडा डाग दिसेना

नमस्कार मंडळी. खानापूरजवळ गावात घराच्या परसात 6 इंची डॉब्सोनियन (आरशाची दुर्बीण) लावतो. फोकल लेंथ 1200 मिमी, 10 मिमीचा आयपीस (डोळ्याकडचं भिंग), म्हणजे 120 पट मोठं दिसतं. गुरूचे दोन काळपट पट्टे, चारही मोठे चंद्र झकास दिसतात. त्यांतला आयो गुरूच्या कडेला टेकून मागं गेला तेव्हा आईलाही हाक मारून दाखवलं! पण तांबडा डाग, म्हणजे गुरूवरचं मोठं वादळ, काही केल्या सापडत नाही. गुरू दहा तासांच्या आतच स्वतःभोवती फिरतो, म्हणून डाग समोर येण्याची वेळ ॲपवर बघूनच बसतो. तरी बिंब उकळत्या पाण्यासारखं थरथरतं. आरसे जुळलेले नाहीत, की तापलेल्या कौलांची वाफ? 80ए निळा फिल्टर घेऊन फरक पडेल का? बेळगाव, निपाणीकडं कुणी आरसे जुळवून देणारं असेल तर कृपया कळवा, दुर्बीण घेऊन मीच येतो.