शाळेची परसबाग आणि खिचडीतली भाजी: तुमचे अनुभव लिहा

पोषण आहार म्हटलं की आपल्या तोंडी अजून ‘खिचडी’च येते. त्या खिचडीत शाळेच्या वाफ्यातलं काही पडतं का? शिक्षक, स्वयंपाकी ताई, पालक, जुने विद्यार्थी, सगळ्यांनी लिहा. फोटोपुरत्या बागांचे किस्सेही चालतील. सुरुवात मीच करते.

शिक्षिका, बीड जिल्हा
पहिली ते पाचवी, पट ६२. प्राथमिकच्या मुलामागे रोज ५० ग्रॅम भाजी धरलेली आहे, म्हणजे आम्हाला दिवसाला ३ किलो १०० ग्रॅम. चार वाफ्यांतून एवढी भाजी आठवड्यातून एकदा निघाली तरी आम्ही खूश! शेवटी मेथी-पालकाचा नाद सोडला आणि हँडपंपाशेजारी शेवग्याची तीन झाडं लावली. पहिलं वर्ष शेळ्यांपासून राखण्यातच गेलं. आता मूठ-दोन मूठ पाला रोज मिळतो. स्वतः लावलेलं मुलं आवडीनं खातात म्हणे. आमच्याकडे तर रोपांना पाणी घालणारी पोरंच पानं वेचून ताटाच्या कडेला लावायची. ताईंनी पाला वाटून वरणात घातला, तेव्हा कुठे तक्रार थांबली.

स्वयंपाकी, सातारा जिल्हा (आई सांगतेय, लिहितेय मी)
ताटं धुवायच्या नळाखाली सदा चिखल असायचा. सरांनी चर काढून कडेला अळू आणि केळी लावल्या. अळूचं फदफदं पोरं बोटं चाटून खातात, पण अळू खाजरं निघेल या धास्तीनं मी चिंच जरा जास्तच घालते. मला विचाराल तर बागेत भाजीआधी कढीपत्ता, मिरची, कोथिंबीर लावा. भाजी बाजारातून येते हो, पण फोडणीत वास नसला की रोज तेच ते लागतं.

जुना विद्यार्थी, आता पुण्यात
आमच्या वेळी शिजवलेलं काही नव्हतंच. १९९५ला योजना आली ती महिन्याला ३ किलो तांदळाची, तीही ८० टक्के हजेरी भरली तर. पिशवी घेऊन रांगेत उभं राहायचं. शिजवूनच द्या, हा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश २००१चा. तोवर मी हायस्कूलला. बागेत जास्वंद नि कण्हेर. एकदा आम्ही मुळे लावले होते, ते कुणाच्या घरी गेले ते विचारू नका.

पालक, सिंधुदुर्ग
आमच्याकडे शाळा उघडते तेव्हा टाकळा न लावताच उगवलेला असतो. वाफे करायचेत कशाला? कोवळा असेतो खुडायचा, जून झाला की कडवट लागतो. मुलं येताना बांधावरून पिशवीभर आणतात. शहरातून बदलून आलेल्या गुरुजींना आधी ते गवतच वाटलं होतं.

शिक्षक, जळगाव जिल्हा
सगळं खरं, पण मे महिन्यात पाणी कोण घालतं ते सांगा. आमच्या बागेत जूनमध्ये दोडक्याच्या मांडवाच्या काठ्या तेवढ्या उभ्या होत्या.

शिक्षिका, बीड जिल्हा
@जळगाव, मार्चनंतर आम्ही काही लावतच नाही. शेवगा तग धरतो. घेवडा, दोडका, भोपळ्याचं बी राखेत घोळून, पोरांची नावं घातलेल्या पुड्यांत ठेवतो. गेल्या वर्षी भोपळ्याच्या एका पुडीतून काकडी उगवली. पुडीवरचं नाव माझ्याच अक्षरात होतं.