हिवाळ्यातील रस्ते: ब्रिटनमध्ये मीठ टाकतात, आपल्या सीमाभागात काय करता येईल?

मलप्रभाकाठ (खानापूर):
सप्रेम नमस्कार. माझी भाची शेफील्डला राहते. कडाक्याच्या थंडीचा अंदाज आला की तेथील नगरपरिषदेच्या गाड्या रात्री रस्त्यांवर मीठ पसरत फिरतात, असे ती सांगते. कोणत्या रस्त्यावर आधी मीठ टाकायचे हे कसे ठरते, आणि हे काम कायद्याने बंधनकारक आहे की प्रशासनाच्या मर्जीवर, हे जाणून घ्यायचे आहे. आपल्याकडे बर्फ पडत नाही. पण डिसेंबर-जानेवारीत पहाटेच्या धुक्यातून खानापूर-बेळगाव रस्त्याने दुचाकीवर कामाला जाणारे जीव मुठीत धरून जातात, आणि नेमका तोच उसाच्या गळिताचा हंगाम असतो. तिकडच्या व्यवस्थेतील काही इकडे घेता येईल का?

निपाणीकर (सध्या यॉर्कशायर):
नमस्कार. मीठ बर्फ पडल्यावर नव्हे, तर रस्ता गोठण्यापूर्वी टाकतात, हे या व्यवस्थेचे मर्म आहे. हवामानाचा अंदाज आणि रस्त्यात बसवलेल्या संवेदकांनी दाखवलेले पृष्ठभागाचे तापमान पाहून जबाबदार अधिकारी शक्यतो दुपारीच निर्णय घेतो, आणि संध्याकाळी गाड्या निघतात. साध्या दहिवरासाठी (गोठलेल्या दवाच्या पातळ थरासाठी) चौरस मीटरला सुमारे 10 ग्रॅम मीठ पुरते; हिमवर्षावाचा अंदाज असेल तर प्रमाण बरेच वाढवतात. हे खाणीतील तपकिरी खडेमीठ असते. चेशायरमधील 1844 साली सुरू झालेली विन्सफर्डची खाण त्यासाठी प्रसिद्ध आहे. मिठामुळे पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो, मात्र वाहनांच्या चाकांखाली ते रगडले गेले तरच नीट काम करते, आणि पारा उणे 8-10 अंशांच्या खाली गेला की त्याचा फारसा उपयोग राहत नाही. मध्येच पाऊस आला तर सगळे वाहून जाते आणि फेरी पुन्हा करावी लागते.

सर्व रस्त्यांवर मीठ टाकणे कोणालाच परवडत नाही. म्हणून मुख्य रस्ते, बसमार्ग, रुग्णालये आणि अग्निशमन केंद्रांकडे जाणारे रस्ते आधी घेतात, आणि त्यांचे नकाशे हिवाळ्यापूर्वीच लोकांसाठी प्रसिद्ध करतात. आपली गल्ली यादीत नाही हे रहिवाशाला आधीच कळते. तेथील चढावर मीठ-वाळूची पिवळी पेटी ठेवलेली असेल तर तो स्वतः फावड्याने टाकतो. सक्तीचे म्हणाल, तर 2000 साली तेथील सर्वोच्च न्यायपीठाने रस्त्यावरील बर्फ हटवणे देखभालीच्या कर्तव्यात येत नाही असा निकाल दिला होता. त्यानंतर 2003 मध्ये महामार्ग कायद्यात दुरुस्ती होऊन, बर्फामुळे वाहतूक धोक्यात येऊ नये याची व्यवहार्य तेवढी काळजी घेणे रस्ते प्राधिकरणावर बंधनकारक झाले.

निवृत्त अभियंता, चिकोडी:
वरील उत्तर उत्तम आहे. आपल्याकडील धोका वेगळा आहे, म्हणून उपायही वेगळे लागतील. घ्यायची आहे ती आधी तयारी करण्याची शिस्त.

गळिताच्या दिवसांत शेतातून बाहेर पडणाऱ्या ट्रॅक्टरच्या चाकांना चिकटलेली काळी माती डांबरावर येते, पहाटेच्या दवाने ती भिजते, आणि वळणावर दुचाकी घसरायला एवढे पुरेसे असते. त्यावर ट्रॉलीतून गळालेले उसाचे वाडे (शेंड्याकडील हिरवा पाला) पडलेले असते. दुसरा धोका याहून मोठा आहे. दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरचे चाक बसले की चालक चाकाखाली आणि सभोवती दगड लावतो, गाडी रात्रभर तशीच उभी राहते, आणि दुसऱ्या दिवशी ती निघून गेली तरी दगड रस्त्यावरच राहतात. मागे परावर्तक नसेल, किंवा बाहेर आलेल्या उसाने तो झाकला असेल, तर धुक्यात ही ट्रॉली अगदी अंगावर आल्यावरच दिसते.

वाहनांना परावर्तक लावण्याची सक्ती केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मध्ये आहेच, आणि वाहन धोकादायक रीतीने उभे करणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम 122 चा भंग आहे. शिवाय 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 198अ नुसार, रस्त्याची रचना, बांधकाम किंवा देखभाल मानकांप्रमाणे न केल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आले तर संबंधित प्राधिकरणाला किंवा कंत्राटदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे कायद्याचा आधार आपल्याकडेही आहे. हंगाम सुरू होण्यापूर्वी ऊसवाहतुकीचे मार्ग जाहीर करावेत, त्यांवरील कडेच्या पांढऱ्या रेषा काचमणी मिसळलेल्या (दिव्याच्या उजेडात चमकणाऱ्या) रंगाने नव्याने आखाव्यात, वळणांवर परावर्तक खांब लावावेत, आणि बंद पडलेल्या ट्रॉल्या व दगड त्याच रात्री हटवणारे एक पथक असावे, एवढे झाले तरी मोठा फरक पडेल. खर्चाच्या मानाने रेषांचा उपयोग सर्वांत अधिक, असे माझे स्पष्ट मत आहे.

येळ्ळूरकर:
एक भर घालतो. ऊसतोडीच्या टोळ्या बीडकडूनही येतात, तेव्हा सूचनाफलक कन्नड आणि मराठी दोन्ही भाषांत हवेत. अर्ज करताना रस्ता कोणाच्या ताब्यात आहे हे आधी पाहावे. खानापूर-बेळगाव हा राष्ट्रीय महामार्ग असल्याने ग्रामपंचायतीकडे दिलेला अर्ज तेथेच पडून राहतो.

मलप्रभाकाठ (खानापूर):
सर्वांचे मनःपूर्वक आभार. आमच्या गावचा फाटा महामार्गाला मिळतो तेथे कडेची रेषा पूर्ण पुसली गेली आहे. त्या जागेची छायाचित्रे जोडून महामार्ग प्राधिकरणाकडे आणि गावाकडील तुकड्यासाठी पंचायतीकडे, असे दोन स्वतंत्र अर्ज गळीत सुरू होण्यापूर्वी देतो.