१एस चा नॉर्मलायझेशन स्थिरांक: माझा एक, पुस्तकाचा दुसरा, मित्राचा तिसरा

प्रश्न (बी.एस्सी. तिसरं वर्ष, नांदेड):
मोबाईलवर ग्रीक अक्षरं येईनात, म्हणून साय, पाय असंच लिहितो. हायड्रोजनची मूळ अवस्था (१एस), तिचं तरंगफलन साय = एन × ई^(−आर/ए). आर म्हणजे केंद्रकापासूनचं अंतर, ए म्हणजे बोर त्रिज्या, एन म्हणजे नॉर्मलायझेशन स्थिरांक, साय² ची सगळ्या जागेतली बेरीज १ करणारा. माझं उत्तर एन = १/√(पाय ए³). पुस्तकातल्या तक्त्यात २/√(ए³) दिलंय. मित्राला १/√(८ पाय ए³) आलं. बरोबर कोणतं? आणि मधेच आर² कुठून येतो?

उत्तर १:
तुझं बरोबर आणि पुस्तकाचंही बरोबर. तक्त्यात पूर्ण साय नाही, नुसता रेडियल, म्हणजे फक्त आर वर अवलंबून असलेला, भाग आहे. तो वेगळा नॉर्मलाइझ करतात: आर²(रेडियल)² चं शून्य ते अनंत इंटिग्रल = १. कोनांचा भाग एस अवस्थेत नुसता १/√(४ पाय) असतो. गुणून बघ: २/√(ए³) × १/√(४ पाय) = १/√(पाय ए³). तक्ता उघडला की आधी वरचं शीर्षक वाचायचं, तिथं रेडियल लिहिलंय की पूर्ण.

उत्तर २:
मित्राचा घोळ वर्गाचा आहे. साय चा वर्ग केला की घातांक दुप्पट होतो, ई^(−२आर/ए). त्यानं घातांक तसाच ठेवला.

सूत्र: आर^म × ई^(−ब आर) चं शून्य ते अनंत इंटिग्रल = म!/ब^(म+१). इथं म = २, ब = २/ए, म्हणून २ × ए³/८ = ए³/४. त्याला ४ पाय नं गुणलं की पाय ए³. मित्रानं ब = १/ए धरला, त्याला २ए³ आलं, म्हणजे आठपट. म्हणूनच त्याच्या मुळाखाली ८ आहे.

आता आर². जालन्याची मोसंबी घे. त्रिज्या ४ सेंमी, साल ३ मिमी. सालीचं घनफळ साधारण ४ पाय × १६ × ०.३, म्हणजे ६० घन सेंमी. तेवढ्याच जाडीचा थर आत १ सेंमी त्रिज्येवर धरला तर जेमतेम ४ घन सेंमी. जाडी तीच, जागा सोळापट. साय² ही दर घनफळामागची संभाव्यता आहे, तेव्हा तिला थराच्या घनफळानं, ४ पाय आर² डीआर नं, गुणावंच लागतं. आर² सोडला तर १/√(२ पाय ए) येतं. ते चुकलंय हे गणित न करता कळतं: त्रिमितीत साय चं एकक लांबी^(−३/२) असायला हवं, इथं लांबी^(−१/२) निघतंय.

प्रश्नकर्ता:
सर, समजलं. पण मग २एस ला, म्हणजे पुढच्या एस अवस्थेला, अडलो. साय = एन(२ − आर/ए) ई^(−आर/२ए). मला १/√(१२८ पाय ए³) येतंय, पुस्तकात मुळाखाली ३२.

उत्तर २:
कंसाचा वर्ग करताना मधलं पद खाल्लंस. (२ − क्ष)² = ४ − ४क्ष + क्ष², इथं क्ष = आर/ए. क्ष² ई^(−क्ष) नं गुणून इंटिग्रेट केलं की ४×२! − ४×३! + ४! = ८ − २४ + २४ = ८. मधलं पद सोडलं तर ३२ येतं, चौपट. ४ पाय × ८ = ३२ पाय. हे वजा पद नुसतं नावाला नाही, शेवटच्या २४ ला तेच पूर्ण खाऊन टाकतं.

उत्तर १:
यात अजून एक खड्डा आहे. काही पुस्तकं कंस (१ − आर/२ए) असा लिहितात. कंस निम्मा झाला की बाहेरचा स्थिरांक दुप्पट होतो. म्हणून नुसते स्थिरांक जुळवत बसू नको, कंसासकट सगळं जुळव. पुढं उणे चिन्ह आलं तरी बिघडत नाही, वर्गात ते जातंच.

उत्तर ३:
पेपरात दोन मिनिटं उरली तर १एस ची पडताळणी अशी: ए त्रिज्येच्या गोलात इलेक्ट्रॉन सापडण्याची संभाव्यता १ − ५ई^(−२) = ०.३२३ यायला हवी. मित्राचा स्थिरांक वापरला तर ०.०४० येतं आणि तो अनंतापर्यंत नेला तरी बेरीज १/८ च्या पुढं सरकत नाही.

हेलियमचा एकदा आयनित अणू विचारला तर सगळं पुन्हा करत बसू नको, केंद्रकाचा भार दुप्पट म्हणून ए च्या जागी ए/२ घाल. स्थिरांक √८ पट होतो.