'पट सोडला' म्हणजे चुकला की दिला?

शाईपेन: रायडर कपवरचा (गोल्फची सांघिक स्पर्धा, तेव्हा अमेरिका विरुद्ध ब्रिटन, आता विरुद्ध युरोप) एक लेख मराठीत करतेय, एका वाक्यापाशी अडलेय. १९६९, रॉयल बर्कडेल. शेवटची लढत, शेवटचं होल, अमेरिका आणि ब्रिटन दोघेही साडेपंधरा गुणांवर. अमेरिकेच्या जॅक निकलसने आपला पट (चेंडू हलकेच भोकात लोटायचा फटका) घातला. ब्रिटनच्या टोनी जॅकलिनचा चेंडू भोकापासून दोन-तीन फुटांवर, चेंडू उचलून जागेवर नुसतं खुणेचं मार्कर. निकलसने वाकून ते मार्कर उचललं, म्हणजे 'तुझा आत गेला असं समज'. सामना १६-१६.
मी लिहिलं, 'निकलसने जॅकलिनचा पट सोडला.' संपादक म्हणतात, हे 'झेल सोडला'सारखं वाटतंय, निकलसच गाढव ठरतो. मला मात्र त्यात 'जाऊ दे, सोड' एवढंच ऐकू येतं.

कोकमसरबत: संपादकांचं बरोबर आहे. मैदानावर 'सोडला' म्हटलं की हातातून निसटला. 'बहाल केला' लिही.

विटीदांडू: 'बहाल' म्हणजे जहागीर दिल्यासारखं वाटतं! गोट्या खेळताना गोटी गलीच्या अगदी तोंडाशी आली की आम्ही म्हणायचो, "धरली रे, उचल." पुढे खेळायचंच नाही. 'निकलसने जॅकलिनचा पट धरला', झालं.

शाईपेन: दादा, 'धरला' म्हटलं तर लोकांना वाटेल बॅट धरली.

हिरवळवाला: लहानपणी आमचं घर गोल्फ कोर्सच्या कुंपणाला लागून होतं. कॅडी पोरं (साहेबांच्या काठ्या वाहणारी) सरळ म्हणायची, "दिला, साहेब." दोन शब्दांत काम. आणि साहेब चेंडू उचलून चालायला लागायचे, मागे वळूनसुद्धा न बघता.

शुद्धमती: मुळात 'पट' कशाला? पट म्हणजे सोंगट्यांचा. 'लोटफटका' म्हणावं. आणि 'होल'ऐवजी 'गल'.

कोकमसरबत: लोटफटका म्हणजे कुणाला तरी गटारात ढकलल्यासारखं वाटतं हो.

शुद्धमती: सवयीचा प्रश्न आहे. 'करंडक' रुळला ना? मूळचा सुगंधी वस्तूंचा डबा तो.

विटीदांडू: तो करंडक देणारा सॅम्युअल रायडर सेंट अल्बन्सचा बियाणेवाला. पेनीला एक पुडी विकून श्रीमंत झाला, पन्नाशीच्या आसपास गोल्फ शिकला, आणि १९२७ साली अमेरिकेत वूस्टरला पहिली स्पर्धा झाली. करंडकाच्या टोकावरचा पुतळा त्याच्या शिक्षकाचा, एब मिचेलचा. गुरुदक्षिणा म्हणतात ती ही.

हिरवळवाला: मूळ मुद्द्यावर येऊ. १६-१६ झालं तरी करंडक अमेरिकेकडेच राहिला, कारण आधीचे विजेते तेच. म्हणून त्या दिलदारीने अमेरिकेचा कप काही जाणार नव्हता. तरी त्यांचा कर्णधार सॅम स्नीड चिडला होताच. ताई, तिथे 'जिंकला' लिहू नका, 'राखला' लिहा. आजही तेच: एकूण २८ गुण, गतविजेत्याला १४ पुरतात, समोरच्याला साडेचौदा लागतात.

कोकमसरबत: हे साडे येतं कुठून पण?

हिरवळवाला: लढत बरोबरीत सुटली की दोघांना अर्धा-अर्धा. २०२५ला तर युरोपच्या व्हिक्टर होव्हलंडची मान धरली आणि शेवटच्या दिवशी त्याची लढत न खेळताच अर्धा-अर्धा वाटून टाकली. युरोप १५-१३ने जिंकला.

कोकमसरबत: अहो, मी शब्दाबद्दल विचारत होते.

शुद्धमती: 'सार्ध'वरून. अर्ध्यासह, म्हणून साडे.

विटीदांडू: मग दीड आणि अडीचला साडे का नाही? साडेएक, साडेदोन कुणी म्हणत नाही.

शुद्धमती: तिथे जुने शब्द तगून राहिले. दीड 'द्व्यर्ध'मधून, म्हणजे दुसरा अर्धा. अडीच 'अर्धतृतीय'. साडेतीनलाही होता की, 'औट'.

कोकमसरबत: औटघटकेचं राज्य! मला कायम वाटायचं ते इंग्रजी 'आऊट'वरून आलंय. राज्य गेलं, राजा आऊट.

शुद्धमती: 😑 संतांनी देहाला औट हात म्हटलं तेव्हा इंग्रज कुठे होते? 'अर्धचतुर्थ'चं औट.

विटीदांडू: आमचे आजोबा औटकी म्हणायचे, साडेतीनचा पाढा. बे औटे सात.

शाईपेन: अहो, माझा पट?

हिरवळवाला: 'दिला'.

विटीदांडू: 'धरला'. आणि पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी... मध्ये अडीचकी कुणाला येते का?