'शंभरपैकी किती' विचारून भागत नाही

लोकांना स्वतःचा धोका किती वाटतो हे कसं मोजायचं, यावर वर एकांनी लिहिलंय की 'तुम्हाला मधुमेह होण्याची शक्यता शंभरपैकी किती, एवढं विचारा, झालं मोजमाप.' इतकं सोपं नाही हो ते. या प्रश्नाला पुष्कळ जण '५०' म्हणतात, आणि त्यातल्या कितीतरींचा अर्थ निम्मा धोका असा नसतोच; 'काय माहीत बाप्पा' असा असतो. तो ५० सरासरीत धरला की आकडा फुगतो.

माझ्या मोठ्या काकांवर प्रयोग केला. नागपुरातच, तर्री पोह्यांच्या ठेल्यावर. शक्यता किती? 'अर्धी-अर्धी.' मग विचारलं, तुमच्या वयाच्या, तुमच्यासारख्याच माणसांपेक्षा जास्त की कमी? लगेच उत्तर: 'कमीच! आपल्याला काहून होईन? रोज फुटाळा तलावावर फिरतो ना.' (फिरतात कमी, भुट्टे जास्त खातात.) अमेरिकी मानसशास्त्रज्ञ नील वाईनस्टाईन यांनी १९८० मध्ये हाच कल दाखवला होता: वाईट गोष्टी इतरांपेक्षा आपल्या वाट्याला कमी येतील, असं बहुतेकांना वाटतं. म्हणून तुलनेचा प्रश्न वेगळा हवाच. काळजी किती वाटते, हाही वेगळा. धोका मान्य करून निवांत झोपणारे आपल्याकडे कमी नाहीत.

आणि वाटणं चूक की बरोबर, हे ठरवायला शेजारी खरा धोका मांडावा लागतो. त्यासाठी चेन्नईत तयार झालेला भारतीय मधुमेह जोखीम गुणांक सोयीचा: वय, कमरेचा घेर, हालचाल, आईवडिलांचा मधुमेह. रक्त काढायची गरज नाही. ६० किंवा जास्त गुण म्हणजे धोका मोठा. काकांचे ७० भरले. त्यांनी टेपच खोटी ठरवली.